पारण्याच्या दिवशीचा भूकंप आणि आपला नियम



अनंत चतुर्दशी आली की माझ्या लातूरच्या माहेरी अजूनही १९९३ सालची आठवण निघते. २९ सप्टेंबरला दशलक्षण पर्व संपलं. आईचा उपवास होता, सकाळी पारणं होतं. ३० तारखेला पहाटे चारच्या सुमारास फळीवरची भांडी धडाधड खाली आली आणि आम्ही अंगणात धावलो. आमचं घर वाचलं. किल्लारी-सास्तूरकडची दगडमातीची, माळवदाची घरं मात्र गणपती बोळवून दमून झोपलेल्या माणसांवर कोसळली. सुमारे दहा हजार माणसं गेली. आईचं पारणं त्या दिवशी दुपारपर्यंत झालंच नाही.

धान्य, कपडे, पांघरुणं चहूकडून आली. पण मागे राहिलेल्या लेकरांच्या शाळेचं काय? शांतिलाल मुथ्था यांनी १९८५ मध्ये सुरू केलेल्या भारतीय जैन संघटनेनं ती जबाबदारी उचलली. भूकंपग्रस्त गावांतली सुमारे १२०० मुलं शिक्षणासाठी पुण्याला नेली. वाघोलीला त्यांची शाळा आणि वसतिगृह उभं राहिलं. पुढे तिथेच मेळघाटची आदिवासी मुलं आणि आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांची मुलंही शिकली.

तेव्हा आमच्या शेजारच्या काकू म्हणाल्या होत्या, "घर गेलं, आता लेकराचं गावही सोडवायचं का?" त्यांचं चुकत नव्हतं. पण एक गोष्ट मला तेव्हाच कळली. आहारदान एका वेळेचं असतं. ज्ञानदान घेतलं की वर्षानुवर्षं बांधून घ्यावं लागतं.

१९९५ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या 'प्रथम' संस्थेनं वेगळी वाट धरली. लेकरू घरीच राहील, शिकवणारी त्याच्याजवळ जाईल. वस्तीतल्याच शिकलेल्या मुली 'बालसखी' झाल्या. तिसरी-चौथीत मागे पडलेल्या मुलांना त्या शाळेतच रोज दोन तास वेगळं घेऊन बसत आणि वाचन, गणित पक्कं करून घेत.

त्यावरूनच नांदेडला आम्ही पाच जणी एका शाळेत आठवड्यातून दोन दुपारी वाचून घ्यायला जातो. गेल्या वर्षी पर्वाचे दहा दिवस आम्ही गेलो नाही. मुलांना सांगायचंही राहिलं. परत गेलो तर तिसरीतली एक मुलगी पाठ फिरवून बसलेली. म्हणाली, "मला वाटलं, तुमचं संपलं." तिचे आईवडील दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात, ती आजीजवळ राहते. माणसं निघून जातात, हे तिला नवीन नव्हतं.

दहा दिवस आम्ही मंदिरात धर्माची दहा लक्षणं ऐकत होतो आणि इथे सत्यातच उणे पडलो होतो. क्षमावाणीला सगळ्यांची क्षमा मागून झाली होती, तिची राहिली होती. ती मागितली. तिनं काही न बोलता पुस्तक उघडलं आणि आपण कुठे थांबलो होतो, तिथे बोट ठेवलं.

यंदा पर्वात आम्ही पाळ्या लावल्या आहेत. सकाळी पूजा, दुपारी शाळा. तुम्हालाही यायचं असेल तर जरूर या. आठवड्यातला एकच तास जमत असेल तर एकच सांगा. पण नियम घेतो तसा घ्या, आणि घेतलेला मोडू नका.