अडवाची लढाई कुणी जिंकली?

लहानपणी वस्तीत कुणाचा रंग जरा जास्त काळा असला की त्याला आम्ही हबशी म्हणायचो. आम्हीच. गाव आम्हाला जे म्हणायचं ते म्हणत होतंच, पण आमच्याही जिभेवर ही एक शिवी तयार होती. हबशी म्हणजे हबसाणातला, हबसाण म्हणजे अॅबिसिनिया, म्हणजेच इथिओपिया, हे मला फार उशिरा कळलं. निजामशाही ज्यानं पाव शतक मोगलांच्या तोंडातून वाचवली तो मलिक अंबर तिथलाच. गुलाम म्हणून विकला गेलेला पोर. आणि ज्या मुलखाचं नाव आम्ही शिवीसारखं वापरलं त्या मुलखानं 1 मार्च 1896 ला युरोपातल्या एका फौजेचा अर्ध्या दिवसात चुराडा केला.

हे लिहायला बसलो त्याला एक कारण झालं. एका अभ्यासवर्गात आफ्रिकेवर बोलणं चाललं होतं. आपल्यातल्या एका पोरानं विचारलं, "अख्खी आफ्रिका गोऱ्यांनी गिळली, मग हाच एक देश कसा काय वाचला?" समोर बसलेले एक पुरोगामी गृहस्थ, वाचलेले, चांगल्या घरातले, हसत म्हणाले, "कारण तिथं इंग्रजांच्या पलटणीत जाणारे कुणी नव्हते." टोला कोरेगावला होता. कुणीच काही बोललं नाही. मीही नाही. तोंडात उत्तर नव्हतं. मग मी वाचायला घेतलं. जे हाती लागलं ते इथं मांडतो.

आधी इटलीचं बघू. 1884-85 मध्ये बर्लिनला बसून युरोपच्या राज्यांनी आफ्रिका वाटून घेण्याचे नियम ठरवले. इटली या लुटीत उशिरा आलेली. 1885 च्या फेब्रुवारीत तिनं तांबड्या समुद्रावरचं मसावा बंदर घेतलं आणि तिथून वर डोंगरात सरकायला लागली. 1887 ला डोगाली इथं रास अलुला नावाच्या सरदारानं तिची पाचशेच्या आसपास माणसं कापून काढली, तरी ती हटली नाही. 1890 ला तिनं त्या किनारपट्टीला एरिट्रिया नाव देऊन आपली वसाहत जाहीर केली.

याच काळात दुसरा एक शत्रू आला. बुळकांडी. म्हणतात की इटालियनांनी मसावाला हिंदुस्थानातून ढोरं आणली, त्यांच्यातून ती शिरली. इथिओपियातली बहुतेक गुरं मेली. नांगर थांबले. 1888 ते 1892 असा दुष्काळ पडला की लोक अजून त्या दिवसांना वाईट दिवस म्हणूनच ओळखतात. एक तृतीयांश माणूस मेला असाही अंदाज सांगतात. बुळकांडी म्हणजे काय हे आपल्या म्हाताऱ्यांना विचारा. गावची मेलेली ढोरं ओढून ज्यांच्या खांद्याची सालं गेली त्यांना ते सांगायला पुस्तक लागत नाही.

अशा उपाशी देशाचा राजा झाला मेनेलिक. 2 मे 1889 ला त्यानं वुचाले इथं इटलीशी तह केला. तहाच्या दोन प्रती, एक अम्हारिक भाषेत, एक इटालियनमध्ये. सतरावं कलम अम्हारिकमध्ये म्हणत होतं की परराज्यांशी बोलायचं तर राजा इटलीची मदत घेऊ शकतो. इटालियनमध्ये तेच कलम असं की राजानं इटलीमार्फतच बोलायचं. एका क्रियापदात देश गहाण पडला होता! सावकाराच्या कागदावर काय लिहिलंय हे न कळता आपल्या बापजाद्यांनी अंगठे उठवले, त्यांचं लिखाण वाचणारं कुणी नव्हतं. मेनेलिकच्या दरबारात वाचणारे होते. त्याची राणी तायतू तर या कलमाविरुद्ध सगळ्यात कडक बोलणारी. 1893 ला मेनेलिकनं तहच मोडीत काढला.

पण नुसता तह मोडून कुणी वाचत नाही. बंदुका लागतात. मेनेलिकनं त्या वर्षानुवर्षं जमवल्या. फ्रान्सकडून घेतल्या, रशियाकडून घेतल्या, आणि गंमत म्हणजे दोस्तीच्या दिवसांत खुद्द इटलीकडून हजारोंनी घेतल्या. रँबो नावाचा फ्रेंच कवी, ज्याच्या नावानं आपले शहरी कवी माना डोलावतात, तोही 1887 ला उंटांवरून बंदुका लादून मेनेलिकला विकायला गेला होता. युरोपातली राज्यं एकमेकांवर जळत होती, त्या जळण्यावर मेनेलिकनं आपली भाकरी भाजून घेतली. या बंदुकांचे पैसे कुठून आले, ते पुढं सांगतो. तिथंच खरी मेख आहे.

आता एकीचं. इटलीचा सगळा हिशेब फुटीवर होता. उत्तरेत तिग्राईचा रास मंगाशा मेनेलिकला मानत नव्हता. इटलीनं त्याला जवळ केलं, मग फसवलं. एरिट्रियात तिनं शेतकऱ्यांच्या जमिनी काढून गोऱ्या वसाहतवाल्यांसाठी ठेवायला सुरुवात केली. बाहता हागोस हा इटलीच्याच बाजूचा माणूस, पण जमिनी जाताना बघून 1894 च्या डिसेंबरात तो उलटला आणि लढताना मेला. मंगाशा मेनेलिकला शरण आला. लढाईच्या पंधरवडाभर आधी तिग्राईचे आणखी दोन सरदार इटलीची बाजू सोडून पळून आले. मुलूख आतून फोडता येईना, तिथंच इटलीचा निम्मा डाव गेला. या लोकांचं मेनेलिकवर प्रेम होतं असं मला वाटत नाही. जमीन जात होती, एवढं पुरेसं होतं.

17 सप्टेंबर 1895 ला मेनेलिकनं फर्मान काढलं. लाखाच्या घरात माणूस निघालं. अम्हारा, तिग्रे, ओरोमो, गुरागे. सैन्याबरोबर बायका, पोरं, खेचरं, पीठ, जाती. लष्कराचा पगारी रसदखातं असा प्रकार नव्हताच. दळणारी, रांधणारी, पाणी वाहणारी बाई हेच रसदखातं. मेकेलेच्या किल्ल्यात इटालियन अडकले तेव्हा त्यांचं पाणी तोडायची युक्ती तायतूची होती. अडवाच्या दिवशीही रणात पाण्याचे घडे पोचवणाऱ्या बायकाच होत्या. लढायांच्या इतिहासात घड्यांची नोंद कोण ठेवतो?

गावाचं नाव अडवा. आपल्या कानाला ते हुकमासारखं लागतं. समोर इटलीचा जनरल बारातिएरी सतरा हजारांच्या आसपास माणसं आणि 56 तोफा घेऊन बसलेला. दोन्हीकडचं धान्य संपत आलं होतं. आणखी काही दिवस गेले असते तर मेनेलिकलाच तळ उठवावा लागला असता. बारातिएरीलाही मागं जायचं होतं. पण रोममधून पंतप्रधान क्रिस्पीची झोंबणारी तार आली, की ही कसली लढाई, हा तर लष्करी क्षयरोग. मग 29 फेब्रुवारीच्या रात्री तीन तुकड्या अंधारात, डोंगरातून, चुकीचा नकाशा घेऊन निघाल्या. एका टेकडीच्या नावाचा घोळ झाला आणि आल्बेर्तोनेची तुकडी बाकीच्यांना सोडून कितीतरी पुढं गेली. पहाटे तिच्यावर अख्खं सैन्य पडलं. मग एकेक तुकडी सुटी सुटी गाठून संपवली. दुपारपर्यंत खेळ खलास. इटलीच्या बाजूची सहा हजारांच्या आसपास माणसं मेली, इथिओपियाचीही चार ते सात हजार गेली. क्रिस्पीचं सरकार कोसळलं. 26 ऑक्टोबर 1896 ला इटलीनं अदिस अबाबाच्या तहात इथिओपियाचं स्वातंत्र्य निमूट मान्य केलं.

तोफांवर त्या दिवशी एक माणूस होता, बाल्चा साफो. गुरागे मुलखातला. लहानपणी लढाईत शत्रूनं त्याचं पुरुषत्व कापून त्याला रणात टाकून दिलं होतं. मेनेलिकच्या माणसांनी त्याला उचललं, दरबारात वाढवलं. तो अडवाचा वीर झाला. 1936 ला म्हातारपणी इटलीशी लढतच मेला. मला मेनेलिकपेक्षा हा माणूस जास्त आठवतो.

आता त्या गृहस्थांच्या हसण्याकडे येतो. "पलटणीत जाणारे कुणी नव्हते" म्हणाले. खोटं आहे. बारातिएरीच्या सतरा हजारांत सात हजारांच्या आसपास काळे शिपाई होते, अस्कारी, बहुतेक एरिट्रियातले. दुष्काळातून उठलेले, जमिनी गेलेले. पगार मिळतो म्हणून गेलेले. आल्बेर्तोनेची जी तुकडी सगळ्यात पुढं जाऊन मेली ती मुख्यतः यांचीच. गोऱ्यांनी आफ्रिका घेतली ती जागोजाग अशाच हातांनी घेतली. त्याआधीही 1868 ला इंग्रजांची फौज याच देशावर गेली, राजा तेवोद्रोसनं मगदला किल्ल्यावर स्वतःला गोळी घातली, आणि हत्ती-खेचरांवर लादून पोथ्या आणि मुकुट लुटून नेले. ती फौज मुंबई बंदरातून निघाली होती. मुंबई इलाख्याच्या त्या काळच्या लष्करात महार शिपाई होते. तेव्हा बोट दाखवायचं तर आपल्याकडेही येतं, मी ते लपवत नाही.

अडवानंतर गोऱ्या कैद्यांना अदिस अबाबाला नेलं. ठेवलं, खाऊ घातलं, आणि तह झाल्यावर इटलीकडून खर्चाची भरपाई घेऊन परत पाठवलं. आणि काळे कैदी? त्यांना गद्दार ठरवलं. शेकडो अस्कारींचा उजवा हात आणि डावा पाय तोडला. आपल्याच मुलखातल्या माणसांनी. देशावर चालून आलेल्या गोऱ्याला पाहुणचार आणि पोटासाठी त्याच्यामागं आलेल्याला कुऱ्हाड. हे वाचलं त्या रात्री मी पुढं वाचू शकलो नाही.

ज्या एरिट्रियात हे अस्कारी जन्मले ती मेनेलिकनं जिंकून घेतलीच नाही. अडवाहून तो मागं फिरला, एरिट्रिया इटलीकडेच राहिली. म्हणजे ज्यांचा मुलूख सोडवायचा नव्हता त्यांच्याकडून निष्ठा मात्र हवी होती.

आणि बंदुकांचे पैसे. ते दक्षिणेतून आले. हस्तिदंत, कॉफी, सोनं, गुलामांवरचा कर. अडवाच्या आधीची पंधरा वर्षं मेनेलिक दक्षिणेत ओरोमो आणि इतरांचे मुलूख जिंकत होता. 1886 पर्यंत अर्सी, 1887 ला हरार. 1894 ला वोलाईता, तिथून हजारोंनी गुरं आणि माणसं हाकत आणली. अडवाच्या पुढच्याच वर्षी, 1897 ला, काफा. युरोपचं राज्य हटवणारा हाच राजा. अर्सीचे ओरोमो सांगतात की आनोले इथं त्यांच्या पुरुषांचे हात आणि बायकांचे स्तन कापले. ते मान्य न करणारेही आहेत, वाद आहे. पण 2014 ला तिथं स्मारक उभं राहिलं ते लोकांच्या आठवणीवरच.

जिंकलेल्या मुलखात मेनेलिकनं शिपाई बसवले. त्यांना म्हणत नफ्तान्या, नफ्त म्हणजे बंदूक. पगार नाही, त्याऐवजी प्रत्येकाला शेतकरी कुटुंबं तोडून दिलेली. त्या शेतकऱ्याला गब्बार म्हणत. त्यानं धान्य द्यायचं, मध द्यायचा, लाकडं फोडायची, दळण दळायचं, ओझी वाहायची, मालकाचं घर शाकारायचं. वतनाची कामं ज्यांनी केली त्यांना ही यादी ओळखीची वाटेल. अडवावर जी बंदूक इटालियनावर रोखली होती तीच दक्षिणेत गब्बारावर रोखलेली.

त्याच्याही खाली माणसं होती. लोहार, कुंभार, कातडी कमावणारे. ज्यांच्याशिवाय नांगराचा फाळ नाही, भाल्याचं पातं नाही, त्यांच्या हातचं खायचं नाही, त्यांच्यात सोयरीक नाही. फलाशा म्हणून हिणवलेले यहुदी हे लोहार-कुंभार, त्यांची नजर लागते, रात्री ते तरस होऊन मढी उकरतात असं लोक मानत. काफामधल्या मांजो लोकांना दुसऱ्याच्या ताटाला हात लावायची सोय नव्हती. ब्राह्मण नाही, मनू नाही, तरी हे आहे! यावर आपल्यातल्या कुणीतरी कसून अभ्यास करायला हवा.

मग इथिओपिया का वाचला? माझं उत्तर असं. बंदुका होत्या, कागद वाचता येत होता, डोंगर होते, इटलीच्या चुका होत्या. आणि एकदा, त्या एका मोसमापुरतं, एकमेकांचे वैरी जमिनीच्या भीतीनं एका बाजूला उभे राहिले. ती एकी पुढं टिकवायची तर जिंकलेल्यांना माणूस मानावं लागलं असतं. ते झालं नाही. 1923 ला इथिओपिया राष्ट्रसंघात घेतला गेला तो गुलामगिरी बंद करायच्या अटीवर. कायद्यानं ती बंद झाली 1942 ला. मधल्या काळात, 1935 च्या ऑक्टोबरात, मुसोलिनीची फौज पुन्हा आली, तेव्हा याच गुलामांचं निमित्त पुढं केलं. गुलाम सोडवायला आलेल्या विमानांनी वरून विषारी मस्टर्ड गॅस सोडला. 1936 ला मायचेवच्या लढाईनंतर सम्राट हाइले सेलासीची फौज हटत होती तेव्हा तिच्यावर राया आणि अझेबो ओरोमो तुटून पडले. त्यांचं बंड सम्राटाच्या सरकारनं काही वर्षांआधीच चिरडलं होतं. गॅस आणि विमानांपुढं एकी असती तरी काय झालं असतं ते मी सांगू शकत नाही. पण यावेळी ती नव्हती.

कोरेगावला 1 जानेवारी 1818 ला लढलेल्यांना गद्दार म्हणणाऱ्यानं आधी एवढं सांगावं, की पेशव्याच्या राज्यात त्यांचा वाटा कुठला होता. बाबासाहेब 1 जानेवारी 1927 ला त्या स्तंभापाशी गेले. तिथं नाक शेवट असलेली नावं कोरलेली आहेत. पण मी त्या गृहस्थांना उत्तर देताना अस्कारीलाही वीर करणार नाही. तो इटलीसाठी मेला, आणि इटलीनं पुढं त्याच्याच पोरांना लिबियात आणि पुन्हा इथिओपियावर मरायला नेलं.

त्या पोरांचंही एक सांगून थांबतो. 1935-36 च्या युद्धात एरिट्रियातले शेकडो अस्कारी बंदुकीसकट पळून समोरच्या बाजूला गेले. आणि 19 फेब्रुवारी 1937 ला, देश इटलीच्या ताब्यात असताना, अदिस अबाबात इटलीचा व्हाइसरॉय ग्राझियानी गरिबांना पैसे वाटायचा सोहळा करत होता. गर्दीतून हातबाँब पडले. ग्राझियानी जखमी झाला, वाचला. मग तीन दिवस काळ्या डगल्यांच्या फॅसिस्टांनी शहरात घरं पेटवली, हजारो माणसं मारली. बाँब टाकणारे दोघं होते, अब्राहा देबोच आणि मोगेस अस्गेदोम. अब्राहा इटालियनांच्याच कचेरीत नोकरीला होता. दोघंही एरिट्रियाचे, मेनेलिकनं 1896 ला मागं सोडलेल्या मुलखातले.