मिश्र प्लास्टिकच्या सांध्याची कुळकथा

दोन वेगळी प्लास्टिके एकत्र वितळवली, तरी ती सहसा एकजीव होत नाहीत. श्रीगोंदा तालुक्यातल्या उसाच्या आणि लिंबाच्या रानातले जुने ठिबक भंगारात गेले की हाच पेच उभा राहतो. लॅटरल नळ्या पॉलिइथिलीनच्या, जोडणीचे तुकडे पुष्कळदा पॉलिप्रॉपिलीनचे, मुख्य पाइप पीव्हीसीचे. धुण्याच्या टाकीत पीव्हीसी तळाशी बसते, ते वेगळे काढता येते. उरलेली दोन्ही पाण्यापेक्षा हलकी, म्हणून दोन्ही तरंगतात. त्यांचा एकत्र केलेला दाणा दिसायला एकसारखा काळा. पण आत एकाचे सूक्ष्म थेंब दुसऱ्यात नुसते रुतून बसलेले असतात. ताण पडला की तडा त्या थेंबांच्या कडेने धावतो.

याचे कारण 1941-42 च्या सुमारास फ्लोरी आणि हगिन्स यांनी स्वतंत्रपणे मांडलेल्या सिद्धांतातून उलगडले. लहान रेणू मिसळतात ते मुख्यतः विस्कळीतपणा वाढतो म्हणून. हजारो कड्यांच्या साखळ्यांना तो लाभ नगण्य मिळतो, आणि एकमेकींविषयीची जराशी नावडही त्यांना विलग ठेवायला पुरते.

गंमत अशी की, उपायाचे बीज याआधीच पडले होते. ऑस्ट्रोमिस्लेन्स्की यांच्या 1927 च्या पेटंटमध्ये स्टायरीनमध्ये रबर विरघळवून मग त्याचे पॉलिमर केले जाते. त्यात काही साखळ्या थेट रबरावर कलम होतात. अशा दुहेरी साखळ्या दोन्ही पदार्थांच्या सीमेवर जाऊन थेंब स्थिर ठेवतात, हे डाऊ कंपनीतील मोलाऊ यांनी 1965 मध्ये दाखवले. दोन्ही घरचा पाहुणा इथे उपाशी राहत नाही; त्याच्याच जोरावर सोयरीक टिकते.

पुढची पायरी मॅलेइक अॅनहायड्राइडची. ते रबरावर किंवा पॉलिइथिलीनवर कलम केले, की एक्स्ट्रूडरमध्येच नायलॉनच्या टोकांशी त्याची अभिक्रिया होते आणि सांधा जागेवर तयार होतो. ड्यूपाँचे चिवट नायलॉन 1970 च्या दशकात याच वाटेने आले.

पॉलिइथिलीन-पॉलिप्रॉपिलीनची जोडी मात्र हट्टी, कारण अभिक्रियेला दोघांकडेही काही नाही. 2017 मध्ये कॉर्नेल आणि मिनेसोटा विद्यापीठांच्या संशोधकांनी दोन्हींचे आलटून-पालटून चार खंड असलेली साखळी बनवली. तिच्या 1 टक्क्यानेही मिश्रण चिवट झाले. पण उत्प्रेरकाच्या एका रेणूमागे एकच साखळी मिळत असल्याने ती महाग पडते. म्हणून नळ्या विकण्यापूर्वी जोडणीचे तुकडे उपटून वेगळे ठेवणे, हाच भंगारासाठी आजही सर्वांत स्वस्त उपाय आहे.