नागसेनवनातले विद्यार्थी

महाविद्यालयाला दात्याचे किंवा दैवताचे नाव देण्याची आपल्याकडे रीत आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० साली तेव्हाच्या औरंगाबादेत जे महाविद्यालय सुरू केले, त्याला पुढे नाव मिळाले ते एका प्रश्नकर्त्याचे. मिलिंद हा ग्रीक राजा भिक्खू नागसेनाला प्रश्नामागून प्रश्न विचारतो आणि उत्तर पटले की मोकळेपणाने मान्य करतो. परिसराचे नावही नागसेनवन.

मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात (१९४६) नोकरी करून शिकणाऱ्यांची सोय सकाळच्या वर्गांनी झाली. मराठवाड्याची अडचण निराळी होती. निजामी राजवटीत उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू आणि पदवीसाठी हैदराबाद गाठणे भाग. ज्याच्या घरात आधी कोणी शाळेची पायरीही चढले नव्हते, त्या खेड्यातल्या मुलाला नुसता प्रवेश देऊन काय साधणार? त्याला राहायला जागा हवी, रात्री वाचायला दिवा हवा आणि शंका विचारली तर कोणी हसणार नाही, हा भरवसा हवा. म्हणून नागसेनवनातली वसतिगृहे मला वर्गखोल्यांइतकीच महत्त्वाची वाटतात. शिवाय प्राचार्य म. भि. चिटणीस स्वतः नाटककार. 'युगयात्रा' हे नाटक त्यांचेच.

अशा विद्यार्थ्यांविषयी लिहिताना 'ते रुळले' असे आपण सहज म्हणून जातो. हा शब्द मला अपुरा वाटतो. रुळणे म्हणजे असलेल्या वाटेवरून चालणे. पहिली काही वर्षे ते झालेच: प्रमाण मराठी, इंग्रजी पुस्तके, टिपणे, परीक्षा. पण वाचता वाचता, या पुस्तकांत आपले जगणे कुठेच नाही, हेही ध्यानात येत गेले. मिलिंदमध्ये मराठी शिकवणाऱ्या गंगाधर पानतावणे यांनी साठच्या दशकाच्या अखेरीस 'अस्मितादर्श' सुरू केले, आणि कालपर्यंत टिपणे उतरवून घेणाऱ्यांना लिहायला हक्काची जागा मिळाली. त्यांचे लेखन पुढे विद्यापीठाच्या अभ्यासक्रमांत गेले.

मग प्रश्न विद्यापीठाच्या नावापर्यंत पोचला. १९५८ साली स्थापन झालेल्या मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी संमत केला. त्यानंतर गावोगाव दलितांची घरे जाळली गेली, माणसे मारली गेली. पदवी घेऊन आलेल्या मुलाचे कौतुक करणारा समाज त्याची मागणी मात्र सोसू शकला नाही. नागसेनवनातले विद्यार्थी या लढ्यात पुढे होते. नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ रोजी. 'मराठवाडा' हा शब्द नावात कायम ठेवून.