छायाचित्रणहेतू

एखादे छायाचित्र ज्या कारणासाठी काढले गेले ते कारण. साठवलेल्या चित्रांतून हवे ते संगणकाकरवी हुडकणे म्हणजे प्रतिमाशोध. चित्रात काय दिसते याबरोबरच ते का काढले हे कळले, तर हा शोध अचूक होतो.

१९९०च्या दशकातील आयबीएमची ‘क्यूबिक’ प्रणाली रंग, पोत व आकार यांवरून चित्रे जुळवी. २०२१ मधील ‘क्लिप’सारख्या प्रारूपांमुळे शब्दांत वर्णन करून चित्र मिळवणे सोपे झाले. हेतू मात्र बहुधा चौकटीबाहेरच राहतो.

मोबाइल कॅमेऱ्याच्या वापराचा महत्त्वाचा अभ्यास टिम किंडबर्ग व सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात छायाचित्रांची विभागणी भावनेपोटी काढलेली की कामासाठी, आणि स्वतःपुरती की इतरांसाठी, अशी दुहेरी आहे. शोधाच्या दृष्टीने ती फार मोलाची आहे. गोळ्यांच्या पाकिटाचा फोटो औषधाचे नाव वाचता आले तरच कामाचा, आणि औषध आणले की त्याची गरज संपते. बाळाच्या पहिल्या पावलाचा फोटो हललेला असला तरी घरच्यांना तोच हवा असतो. स्पष्टतेवरून क्रम लावणारी प्रणाली नेमका त्यालाच मागे टाकते.

महाराष्ट्रात २०२१ पासून शेतकरी ‘ई-पीक पाहणी’ अ‍ॅपवर पिकाचे छायाचित्र देतात. तेथे कपाशी जमिनीच्या कोणत्या गट क्रमांकात उभी आहे हे महत्त्वाचे. त्याच शेतात लाल्या रोग पडलेल्या पानाचा जवळून काढलेला फोटो कृषी सेवा केंद्रात दाखवायचा असतो. ‘कपाशी’ असा शोध घेतला तर दोन्ही समोर येतील. पण नोंदीचा पुरावा हवा असलेल्याला पानाचा उपयोग नाही.

हेतू ओळखण्यासाठी वेळ, ठिकाण, पाठोपाठ काढलेले फोटो, पुढे कोणाला पाठवले, अशा खुणा घेतात. थेट विचारणे अधिक खात्रीचे, पण प्रत्येक फोटोमागे कोणी कारण लिहीत बसत नाही. शिवाय हेतू बदलतो: भाड्याच्या घरातील ओल मालकाला दाखवण्यासाठी काढलेला फोटो पुढे त्या घराची आठवण म्हणून शोधला जातो. म्हणून एका चित्राला एकच कायमचा हेतू चिकटवणे चूक ठरते.

हेतूचा अंदाज खाजगी आयुष्यात खोलवर शिरतो. तपासणी अहवालाचा फोटो कोणाला दाखवण्यासाठी काढला, यावरून आजारपण उघड होऊ शकते. त्यामुळे असे विश्लेषण शक्यतो फोनमध्येच व्हावे आणि अंदाज पाहण्याची, बदलण्याची, पुसण्याची सोय फोटो काढणाऱ्याच्या हाती असावी.