धाप लागणे

धाप लागणे किंवा दम लागणे म्हणजे श्वास पुरत नाही, अथवा तो घेण्यास कष्ट पडतात, अशी त्रासदायक जाणीव होय. वैद्यकशास्त्रात यास डिस्पनिया म्हणतात. धाप हे लक्षण आहे, रोग नव्हे. धावल्यावर ती निरोगी माणसालाही लागते. मात्र पूर्वी सहज जमणाऱ्या कामात लागू लागल्यास तिचे कारण शोधणे आवश्यक ठरते.

'दम' आणि 'दमा'

बोलीत या दोन शब्दांतील सीमारेषा पुसट आहे आणि हा केवळ भाषेचा प्रश्न नाही. दमा हा श्वासनलिकांचा एक विशिष्ट विकार आहे. दम मात्र फुप्फुस, हृदय, रक्त किंवा मन यांपैकी कशाच्याही बिघाडाने लागू शकतो. त्यामुळे रुग्ण 'मला दमा आहे' असे सांगतो तेव्हा निदान झालेले असतेच असे नाही. हृदयविकाराच्या रुग्णाने दम्याच्या समजुतीने स्टेरॉइडच्या गोळ्या घेत राहिल्यास अंगात पाणी साचून धाप उलट वाढू शकते.

कारणे

दम्यात धाप कमीजास्त होते, पहाटे बळावते आणि छातीतून शिटीसारखा आवाज येतो. सीओपीडी या रोगात ती वर्षानुवर्षे हळूहळू वाढत जाते. हा रोग विडी-सिगारेट ओढणाऱ्यांचा मानला जाई. पुण्याचे डॉ. संदीप साळवी व ब्रिटिश तज्ज्ञ पीटर बार्न्स यांनी २००९ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकातील लेखात धूम्रपान न करणाऱ्यांमधील सीओपीडीकडे लक्ष वेधले. चुलीचा धूर हे त्याचे एक मोठे कारण होय. नांदेड-लातूरच्या खेड्यांतील स्त्रियांना हे विशेष लागू पडते. तुराट्या, पऱ्हाट्या व गोवऱ्या यांवर भाकरी भाजण्यात त्यांचे आयुष्य गेलेले असते. २०१६ मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेतून गॅस आला, तरी पाणी तापविण्यासाठी अनेक घरांत चूल पेटतेच. जिनिंग आणि डाळमिल यांतील धूळही श्वसनविकारास कारण ठरू शकते.

आडवे पडताच धाप लागणे, उशाखालची उंची वाढवावी लागणे, झोपेतून दचकून उठून बसावे लागणे आणि पायांवर सूज ही हृदय अशक्त झाल्याची चिन्हे होत. क्षयरोग, न्यूमोनिया, फुप्फुसाच्या आवरणात पाणी होणे, स्थूलता व तीव्र चिंता हीही कारणे आहेत. चिंतेचे निदान मात्र इतर कारणे वगळल्यावरच करावे.

रक्तक्षयाची धाप सर्वांत जास्त दुर्लक्षिली जाते. तिच्यात फुप्फुसे स्वच्छ असतात आणि बोटाला लावलेला ऑक्सिमीटरही ९८ दाखवू शकतो. कारण ते यंत्र उरलेल्या हिमोग्लोबिनात प्राणवायू किती टक्के भरला आहे एवढेच मोजते, हिमोग्लोबिन किती आहे हे नाही. गर्भवती नसलेल्या प्रौढ स्त्रीत ते १२ ग्रॅमपेक्षा व पुरुषात १३ ग्रॅमपेक्षा कमी असल्यास रक्तक्षय समजतात.

निदान

निदानाची सुरुवात प्रश्नांनी होते: धाप केव्हापासून, कशाने लागते, कशाने उतरते? सपाट रस्त्यावर बरोबरीच्या माणसांच्या मागे पडणे आणि कपडे बदलतानाही थकणे यांत मोठे अंतर आहे. त्यावरून तीव्रतेची श्रेणी ठरते. मग श्वासांची गती मोजतात. विश्रांतीत प्रौढाचे श्वास मिनिटाला साधारण १२ ते २० असतात. खोकला वा श्वासाचा त्रास असलेल्या एक ते पाच वर्षांच्या मुलात ते ४० किंवा अधिक झाल्यास न्यूमोनियाची शंका घेतात.

रक्ततपासणी, छातीचा एक्स-रे आणि ईसीजी यांतून बरेचसे उलगडते. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असल्यास थुंकीची तपासणी करावी; सरकारी दवाखान्यात ती मोफत होते. दमा व सीओपीडी ओळखण्यासाठी स्पायरोमेट्री, म्हणजे जोराने फुंकून करावयाची चाचणी, आणि हृदयासाठी टूडी इको लागतो. नांदेड व लातूर या दोन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये असून गुंतागुंतीचे रुग्ण तेथे पाठविले जातात.

तातडीची धाप

ओठ निळसर होणे, एक वाक्यही सलग बोलता न येणे, छातीत दुखणे, ग्लानी येणे किंवा प्राणवायूचे प्रमाण ९० टक्क्यांच्या खाली जाणे, यांपैकी काहीही दिसल्यास १०८ क्रमांकावरून रुग्णवाहिका बोलवावी. रुग्णास झोपवू नये, टेकवून बसवावे.

शेतशिवारात लाल विंचू डसल्यावर लागणारी धाप याच वर्गातील आहे. भरपूर घाम येतो, हातपाय गार पडतात आणि पुढे फुप्फुसात पाणी होते. लहान मुलांना धोका अधिक असतो. मूळचे जालना जिल्ह्यातील डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाड येथे अशा रुग्णांवर प्राझोसिन हे औषध वापरून मृत्यूचे प्रमाण घटविले. मंत्र-उतारा करण्यात गेलेला वेळ या रुग्णास परवडत नाही.