भूमीविना सरदारकी

बेंगळुरूच्या उत्तरेस असलेले येलहंका सोळाव्या शतकात विजयनगरच्या मांडलिक नाडप्रभूंचे ठाणे होते. नाडप्रभू ही पदवी भूमीशी निगडित होती. तिच्यामागे किल्ला, शेतसारा आणि शिबंदी असे. १६३८ मध्ये विजापूरच्या फौजेने बेंगळुरू घेतले. तिसऱ्या केंपेगौडांकडे मागडी उरली आणि बेंगळुरू शहाजीराजांच्या जहागिरीत आले. सत्ता बदलली, तरी मान आणि जमीन यांचे नाते तुटले नाही.

युरोपात मात्र ते नाते तुटत होते. सेंट जॉनच्या पुरातन शूरसंघाची ब्रांडेनबुर्ग शाखा सोळाव्या शतकात प्रॉटेस्टंट झाली. उमराव कुळातील जन्म ही तिच्या सभासदत्वाची अट होती. १८११ मध्ये प्रशियाच्या राजाने तिच्या जमिनी सरकारजमा केल्या. १८५२ मध्ये संघाचे पुनरुज्जीवन झाले, तेव्हा उरले ते पांढरा क्रूस, रुग्णसेवा आणि राजघराण्यावरील निष्ठा.

प्रॉटेस्टंट इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीने १८५७ च्या उठावानंतर हीच कल्पना हिंदुस्थानात आणली. १८६१ मध्ये ‘स्टार ऑफ इंडिया’ हा शूरसंघ स्थापन झाला. हिंदू व मुसलमान राजांनी क्रूस कसा धारण करावा? म्हणून क्रूसाऐवजी तारा आला आणि ब्रीदवाक्यात ‘स्वर्गीय प्रकाश’ आला. पहिल्या मानकऱ्यांत ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे होते. १८६६ मध्ये संघाचे तीन वर्ग झाले. येलहंका ज्या म्हैसूर संस्थानात होते, तेथील चौथ्या कृष्णराज वडियारांना १९०७ मध्ये सर्वोच्च वर्ग मिळाला. या मानाबरोबर एक बिघाही जमीन येत नव्हती. येत होती ती एका परक्या सिंहासनापुढची पायरी.

म्हणूनच तारा न लावणे हीही एक भाषा ठरली. १९११ च्या दिल्ली दरबारात सयाजीराव गायकवाड साध्या पोशाखात, दागिने व बिरुदचिन्हे न लेवता बादशहापुढे गेले. त्यावर गहजब झाला. सयाजीरावांनी व्हाइसरॉय हार्डिंज यांना पत्र लिहून खुलासा केला. १९१९ मध्ये त्याच सरकारने त्यांना दुसऱ्या शूरसंघाचा सर्वोच्च मान दिला. रुष्ट झालेल्या राजालाही पुन्हा पायरीवर घेणे, हेच त्या व्यवस्थेचे सामर्थ्य होते.

१९४८ नंतर या संघात कोणाचीही भर पडली नाही. त्याचे अखेरचे नाइट, अलवरचे तेजसिंह, २००९ मध्ये निवर्तले. बेंगळुरूत केंपेगौडांचे नाव आजही लोकांच्या तोंडी आहे. ताऱ्यांचे मानकरी मात्र बहुतांशी जुन्या दप्तरांतच उरले आहेत.