बुलेट बॉब आणि कॅलिब्री फॉन्ट

मागे एका प्रोजेक्टसाठी काही महिने डलासला होतो. तिथे रविवारी फुटबॉल सोडून दुसरा विषय नसतो. (त्यांचा फुटबॉल हो, ज्यात पायाचा संबंध नावापुरता!) मला सुरुवातीला त्यातलं ओ की ठो कळायचं नाही. मग टीममधल्या एका वयस्कर सहकाऱ्याने बॉब हेजची गोष्ट सांगितली आणि मी अडकलोच.

हेज मूळचा फ्लोरिडातल्या जॅक्सनविलचा, जन्म १९४२ चा. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये १०० मीटरच्या फायनलला त्याला पहिली लेन मिळाली, म्हणजे चालण्याच्या शर्यतीने आधीच उखणून ठेवलेली. त्यात एक बूट खोलीवरच राहिलेला, तो दुसऱ्या खेळाडूकडून मागून आणला. तरीही १० सेकंदांत गोल्ड, जागतिक विक्रमाची बरोबरी. रिलेमध्ये तर त्याच्या हातात बॅटन आलं तेव्हा अमेरिका बरीच मागे होती. शर्यतीआधी एक फ्रेंच धावपटू अमेरिकन संघाला म्हणाला होता म्हणे, की तुमच्याकडे हेजशिवाय आहे कोण? शर्यत संपल्यावर उत्तर मिळालं, तेवढा पुरतो की!

पुढच्याच वर्षी हा गडी डलास काउबॉइजकडून वाइड रिसीव्हर म्हणून उतरला. वाइड रिसीव्हर म्हणजे मैदानाच्या कडेला उभं राहायचं, खेळ सुरू झाला की सुसाट सुटायचं आणि क्वार्टरबॅकने लांबून फेकलेला चेंडू झेलायचा. वेगवान धावपटू फुटबॉलमध्ये आणायचे प्रयोग पुष्कळ झाले, बहुतेक फसले. कारण चेंडू झेलताही यावा लागतो. हेजला येत होता. १९६५ च्या पहिल्याच सीझनमध्ये ४६ झेल, १००३ यार्ड आणि १२ टचडाउन. दर झेलामागे जवळजवळ २० मीटर!

आता खरी गंमत. तेव्हा बचावाची साधारण पद्धत अशी, की एका रिसीव्हरमागे एक माणूस. 'तू याला धर, मी त्याला धरतो.' पण जगातल्या सगळ्यात वेगवान माणसाला धरायचं कुणी? एकटा कुणी पुरेना. मग संघांनी माणसं सोडून मैदानच वाटून घ्यायला सुरुवात केली. हा तुकडा तुझा, तो माझा, आणि पार मागे एक-दोघे फक्त हेजसाठी. याला झोन डिफेन्स म्हणतात. झोनची कल्पना आधीही होती, पण तिला असं फोफावायला लावलं ते हेजने.

आणि त्याचा फटका बसला हेजलाच. झोन पक्का होत गेला तसे त्याचे आकडे उतरले. दोन जण त्याच्याकडे बघत उभे असल्यामुळे बाकीच्यांना मोकळं रान मिळायचं, पण त्याची नोंद त्याच्या नावावर थोडीच होते? (आपल्या अप्रेझलच्या फॉर्ममध्ये तरी हा रकाना कुठे असतो.)

एक किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही. ३१ डिसेंबर १९६७, ग्रीन बे, उणे २५ अंश सेल्सियस. ज्या चालीत चेंडू आपल्याकडे येणार नसेल, तेव्हा हेज हात पँटमध्ये खुपसून ठेवायचा. समोरच्यांनी ते हेरलं! हात आत, म्हणजे याच्याकडे लक्ष द्यायला नको. सिक्युरिटीवाले ज्याला साइड चॅनल म्हणतात ते हेच :) डलास २१-१७ हरलं.

पुढे जानेवारी १९७२ मध्ये मायामीला २४-३ हरवून सुपर बोल जिंकला. ऑलिंपिक गोल्ड आणि सुपर बोलची अंगठी, दोन्ही मिळवणारा आजवर हा एकटाच. १९७५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत गेला आणि तिथेच कारकीर्द संपली. एकूण ३७१ झेल, ७१ टचडाउन.

नंतरचं वाचताना त्रास होतो. दारू, ड्रग्ज. १९७९ मध्ये साध्या वेशातल्या पोलिसाला ड्रग्ज पोचवल्याचा गुन्हा त्याने कबूल केला. शिक्षा पाच वर्षांची झाली, त्यातले साधारण दहा महिने तो आत होता. हॉल ऑफ फेमचे दरवाजे मग उघडेचनात. नियमाप्रमाणे मैदानाबाहेरचं काही विचारात घ्यायचं नसतं, पण मतं माणसंच देतात ना. २००२ मध्ये किडनी निकामी होऊन तो गेला. २००४ मध्ये नाव पुन्हा आलं आणि पुन्हा पडलं, तेव्हा एका नावाजलेल्या पत्रकाराने निषेध म्हणून निवड समितीच सोडली. शेवटी २००९ मध्ये निवड झाली.

त्या दिवशी पत्रकारांना हेजच्या नावाचं एक पत्र मिळालं. मरण्याआधी लिहून ठेवलेलं, सगळ्यांचे आभार मानणारं, तारीख ऑक्टोबर १९९९. मात्र एका चाणाक्ष वाचकाने फॉन्ट ओळखला. कॅलिब्री! तो आपल्यासारख्यांच्या कॉम्प्युटरवर आला २००७ मध्ये. पत्राची फार चर्चा झाली, आणि ज्याच्यासाठी ती निवड होती तो त्या गोंधळात मागेच राहिला.

ऑगस्टमध्ये ओहायोतल्या कँटनला त्याचा अर्धपुतळा बसला. त्या वेळी त्याच्या मुलासोबत रॉजर स्टॉबाक उभा होता, हेजला चेंडू फेकणारा काउबॉइजचा क्वार्टरबॅक.